खरा वार

वस्तादानं शागिर्दाला सगळं शिकवू नये, एक डाव स्वतःपाशी ठेवावा, असं म्हणतात. का ठेवावा हे सांगताना लोक मोठी मोठी कारणं देतात. गुरूचा मान, विद्येची पत वगैरे. खरं कारण साधं आहे. ज्याच्याकडून अजून काहीतरी मिळायचं असतं, त्याच्या ताटात लोक वेळेवर वाढतात.

काठीच्या वस्तादाला हे पक्कं ठाऊक होतं. गावातल्या निम्म्या पुरुषांना त्यानं काठी शिकवली. स्वतःच्या मुलालाही शिकवली. पण फेर सुरू झाला की वार, अडव, वार, अडव करत तो शेवटाजवळ यायचा आणि तिथंच काठी टेकवून पाणी मागायचा. शेवट कुणालाच दाखवला नाही. मुलगा मागे लागला की म्हणायचा, "घाई काय आहे? मी कुठं चाललोय?"

तो कुठं गेला नाही. एका सकाळी तोंड धुताना न्हाणीत पडला. उचलून आणला तेव्हा त्याची डावी बाजू लुळी पडली होती आणि वाचा बंद झाली होती. घशातून एक 'हं' तेवढा निघायचा. डाव मात्र आतच राहिला, किल्ली आत विसरून दार ओढून घ्यावं तसा.

मुलाला गाव बांबू म्हणायचं. उंची होती, अंगावर मांस नव्हतं, आणि बोलणंही तसंच पोकळ. दगडाच्या खाणीवर गाड्या भरायचं काम होतं तोवर त्याला कुणी हसत नव्हतं. त्या साली पाऊस आला नाही, खाणीवर दगड धुवायला पाणी उरलं नाही, आणि मालकानं यंत्राला ताडपत्री बांधून सगळ्यांना घरी पाठवलं. विहिरींचे तळ दिसू लागले. बायका घागरी घेऊन पहाटे निघायच्या आणि दुपारी अर्ध्या घागरी घेऊन परत यायच्या.

पाणी होतं ते एका लिंबाच्या बागेत. खोल विहीर, चहूबाजूंनी तारेचं कुंपण, आणि मालक शहरात. सगळा कारभार मुकादमाच्या हातात. लोक कुंपण कापून पाणी न्यायला लागले तसे मुकादमानं पहारेकरी नेमले आणि त्यांना काठी शिकवायला माणूस हवा म्हणून सांगितलं. त्या माणसाला बागेतच एक खोली आणि रोजच्या दोन घागरी.

बांबू फाटकाशी जाऊन उभा राहिला.

"मुकादम, माणूस कशाला शोधता? मी आहे की. वस्तादाचा मुलगा."

"मुलगा आहेस ते नाकावरून कळतंच आहे," मुकादम लिंबू चोखत म्हणाला. "फेर येतो का?"

"झोपेत येतो."

"शेवटासकट?"

बांबू कुंपणाच्या तारेकडे बघू लागला.

"हे बघ, मीही तुझ्या बापाचाच शागिर्द. तो शेवट मी पाहिलेला नाही, खाल्लाय. पवित्रा घेताना त्याची विजार फाटली म्हणून मी हसलो होतो. पुढचं आठवतं ते एकदम आभाळ आणि तोंडात माती. काय झालं, कसं झालं, अजून कळलेलं नाही. ते ज्याला येतं त्याला मी ठेवणार. पलीकडच्या गावचा एक जण येऊन गेलाय, बरा आहे. तुझ्या बापाच्या नावाखातर त्याला थांबवलंय." मुकादमानं लिंबाची बी थुंकली. "पण जास्त दिवस नाही थांबवणार."

घरी येऊन बांबूनं काठी काढली, बापाच्या उजव्या हातात दिली आणि समोर उकिडवा बसला. "बाबा, शेवट. शेवटचा डाव. दाखवा ना." म्हाताऱ्यानं काठीकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाचं नाव आठवू नये तसं. मग ती मांडीवर आडवी ठेवून दिली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. बांबूनं हात जोडले, पाय धरले, शेवटी शिव्या दिल्या. "जन्मभर राखून ठेवलंत. आता कुणासाठी? मातीसाठी?"

"हं," म्हातारा म्हणाला.

सापडलं ते सुनेला, आणि तेही न शोधता. ती अंगणात दोरीवर गादी टाकून काठीनं झोडत होती. म्हाताऱ्याला शेजारीच बाकावर बसवलं होतं, काठी हातात धरून. गादीतली धूळ उडवताना तिचा एक जोराचा फटका गादीच्या कडेवरून निसटला आणि थेट त्याच्या डोक्यावर आला. ती किंचाळेपर्यंत सगळं झालं होतं. म्हाताऱ्याची काठी वर आली, त्या काठीनं फटका अडवला नाही, नुसता कडेनं घसरू दिला, आणि दुसरं टोक खालून फिरून सुनेच्या गुडघ्यामागं लागलं. ती धुळीत फतकल मारून बसली. म्हाताऱ्याची काठी तिच्या गळ्याच्या खळगीवर येऊन थांबली होती. त्याचे डोळे मात्र तसेच, विझलेले.

जेवायला वाढताना तिनं नवऱ्याला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं नंतर तिला फार वेळा वाटलं. पण त्या वेळी ते हसण्यावारी नेण्यासारखंच होतं. "मामंजींनी मला पाडलं की हो! एका हातानं!"

बांबूचा घास हातातच राहिला. "कसं पाडलं? ऊठ, दाखव."

"मला काय माहीत? मी पडत होते."

जेवण तसंच सोडून तो अंगणात आला. म्हाताऱ्यासमोर उभा राहून त्यानं हळूच काठी उगारली. म्हातारा बघत राहिला. जरा जोरात उगारली आणि डोक्याजवळ आणून थांबवली. म्हाताऱ्यानं जांभई दिली. खोटा वार त्याला पहिल्यापासून ओळखू यायचा. शिकवताना पाठ करून उभा असला तरी म्हणायचा, हा मारणारा हात नाही, हा दाखवणारा हात आहे.

"बाबा, बघा हं, येतोय," असं म्हणत बांबूनं तिसऱ्यांदा काठी आणली आणि तिसऱ्यांदा थांबवली. मग त्यानं इकडंतिकडं पाहिलं. बायको दारात उभी होती.

"तू आत जा."

"का?"

"जा म्हणतो ना!"

ती गेली नाही. त्यानं डोळे अर्धवट मिटले आणि काठी मारली. बापाच्या दंडावर ती लागली तो आवाज ओल्या पिशवीवर हात आपटल्यासारखा होता. म्हाताऱ्याचं तोंड उघडलं. दुसरा वार येताना काठी वर आली. तो वार घसरला, आणि बांबू अंगणात पालथा पडला. पडल्या पडल्याच तो हसत सुटला. "आहे गं! अजून आहे! सगळं जसंच्या तसं आहे!"

"रक्त आलंय त्यांना," सून म्हणाली.

तिथून पुढं रोजचं कामच झालं ते. सकाळी ऊन तापायच्या आत म्हाताऱ्याला अंगणात आणायचं. तो बसून असला की अर्धाच डाव निघायचा, म्हणून उभं करायचं. उभा राहिला की डावीकडं कलायचा, म्हणून त्याच्या कंबरेला खाणीतला जाड पट्टा बांधायचा आणि सुनेनं मागून तो धरायचा. समोरून मुलगा मारायचा. पहिला फटका बहुतेक वाया जायचा, म्हणजे म्हाताऱ्याला लागायचा. दुसऱ्या-तिसऱ्याला काठी उठायची. बांबू पडायचा, उठायचा, पडता पडता जे दिसलं ते तोंडानं घोकायचा. "घसरू दिला... मनगट उलटं... मग खालून... मग काय? मग काय केलंत बाबा?" आणि परत मारायचा.

दुपारी सून म्हाताऱ्याच्या अंगाला तेल लावायची. काळंनिळं कुठं, हिरवट कुठं, जुनं पिवळं पडत आलेलं कुठं. त्याच्या कातडीवरून कालचं काय, आजचं काय ते नीट सांगता आलं असतं. घरातलं एकुलतं अंडं आता त्याला मिळू लागलं. आधी तो नुसता आजारी होता तेव्हा नवरा म्हणायचा, त्याला अंडं देऊन काय गुण येणार? आता तोच विचारायचा, "बाबांना अंडं दिलंस का?" मार सोसणाऱ्या बैलाला पेंड घालतातच.

शेजारची म्हातारी भिंतीवरून डोकवायची. "काय गं, सासऱ्याला मारतो का तुझा नवरा?"

"मारत नाहीत आत्या. शिकतायत."

"हां," शेजारीण म्हणायची, "आमच्या ह्यांनीही मला असंच पुष्कळ शिकवलं."

डाव हळूहळू गोळा होत होता. बांबू संध्याकाळी एकटाच अंगणात करून बघायचा आणि सून ओट्यावरून बघायची. एकदा ती हसली.

"काय झालं?"

"पाय का ओढता तुम्ही?"

"तीच तर खोच आहे. डावा पाय ओढायचा, खांदा पाडायचा. समोरच्याला वाटतं माणूस ढेपाळला, तो आत येतो आणि फसतो."

"अहो, मामंजी पाय ओढतात ते आजारानं. परसात जातानाही ओढतात."

"तुला काठीतलं काय कळतं?"

"काठीतलं नाही कळत. त्यांच्या पायाचं कळतं. रोज मी धुते."

बांबूनं तिच्याकडे काठी रोखली. "माझ्या बापानं जन्मभर लपवलेली गोष्ट मला मिळतेय तर तुला बघवत नाही." आणि तो पुन्हा पाय ओढू लागला. इतक्या मन लावून की ओठही डावीकडून जरासा लोंबू लागला.

मुकादमाकडे दाखवायला गेला तेव्हा पहारेकरी बागेतल्या मोकळ्या जागेत कोंडाळं करून बसले होते. बांबूनं फेर सुरू केला. सुरुवात बापासारखीच होती, त्याबद्दल शंका नको. एकदोघांनी मान हलवली. शेवट जवळ आला तसा मुकादम उठला, स्वतः काठी घेतली. "हं. आता मी मारतो. पाड मला."

मुकादमानं मारलं. बांबूनं पाय ओढला, खांदा पाडला, ओठ लोंबवला, आणि मुकादमाची काठी त्याच्या कानावर बसली. तो जागीच गोल फिरला. त्याची काठी मुकादमाच्या पायाला लागली ती मांजर घासून जावं तशी.

आधी कुणी हसलं नाही. मग मुकादमच म्हणाला, "अरे, हा डाव नाही. हा लकवा आहे!"

त्यानंतर जे हसणं झालं ते बराच वेळ चाललं. एक जण पोट धरून उठला आणि पाय ओढत ओढत विहिरीपर्यंत जाऊन आला. बांबू कान धरून उभा होता. बोटांतून रक्त कोपरापर्यंत आलं होतं आणि ते कुणालाच दिसू नये म्हणून तो हात अंगाशी घट्ट दाबत होता.

"मुकादम, बाबांना येतो. अजून येतो. मी रोज काढून घेतोय त्यांच्याकडून."

"काढून घेतोस म्हणजे? म्हाताऱ्याला तर शुद्ध नाही म्हणतात."

"मारलं की येतो," बांबू म्हणाला.

हसणं थांबलं. मुकादमानं त्याच्याकडे नीट पाहिलं, बाजारात जनावराचे दात बघतात तसं. "घेऊन ये," तो म्हणाला.

सुनेनं घरी त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढवला. "बाराजणांच्या मध्ये नेऊन उभं करणार त्यांना? बाप आहेत का तमाशा?"

"मग तू सांग दुसरं. घागर आण भरून, मी नेत नाही."

कोपऱ्यातली घागर पालथीच होती. तिनं ती उगाच सरळ करून ठेवली, आणि मग म्हाताऱ्याचा सदरा बदलायला घेतला.

हातगाडीवर बसवून त्याला बागेत आणलं. मुकादम पुढं झाला, वाकून नमस्कार केला. "वस्ताद, ओळखलंत का? विजार." म्हातारा लिंबाच्या झाडांकडे बघत होता. सुनेनं मागून पट्टा धरला. मुकादमानं काठी उगारली, मारली, आणि शेवटच्या क्षणी त्याचा हात आपोआप आखडला. तोंडात गेलेली माती माणसाचं डोकं विसरतं, हात विसरत नाही. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग एका पहारेकऱ्याला सांगितलं. त्याला म्हाताऱ्या माणसावर हात टाकवेना. दुसऱ्यानं मारलं ते पुष्पगुच्छ दिल्यासारखं.

"बाजूला व्हा," बांबू म्हणाला.

सवयीनं एकट्या त्याचाच हात खरा झाला होता. पहिला फटका बरगडीवर. दुसऱ्याला म्हाताऱ्याची काठी उठली, घसरली, फिरली, आणि बांबू धपकन उताणा पडला. सगळं पापणी लवायच्या आत. मुकादमानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "हाच! आईशप्पथ, हाच!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पण दिसला कुठं? कुणाला दिसला? परत मार."

परत मारलं. तरी कुणाला दिसला नाही.

नोकरी मिळाली ती अशी. खोली, दोन घागरी, बांबूला खाकी सदरा, म्हाताऱ्याला दोन वेळचं जेवण. काम एकच: रोज सकाळी पहारेकरी रांगेत उभे राहिले की बापाकडून डाव काढून दाखवायचा. एकदा कुणाला तरी नीट कळला की मग बांबू तो सगळ्यांना शिकवणार, कायमचा. तोवर मुकादमानं पलीकडच्या गावच्या माणसाला नाही म्हटलं नव्हतं, हेही त्यानं गोड बोलून कळवलं.

बागेतल्या खोलीत सुनेनं कित्येक महिन्यांनी केसांवरून पाणी घेतलं. केस पिळताना तिला हसू आलं, आणि मग बाहेर बाकावर बसलेला सासरा दिसला. ती दार लोटून आत राहिली. पुन्हा ती 'नको' म्हणाली नाही. पाण्यापाशी राहायला लागलं की माणूस पुष्कळ गोष्टी धुऊन टाकतो.

पहारेकऱ्यांचीही भीड चेपली. आधी मान खाली घालणारे आता पुढं सरकून बघायचे. "मनगट बघ, मनगट!" "पायाकडे बघ रे, काठीकडे काय बघतोस!" म्हाताऱ्याच्या काठीच्या खालच्या टोकाला रंग लावून बघितला. बांबूला सावकाश पडायला सांगितलं. सगळे उपाय झाले. डाव काही हाताला लागेना, आणि म्हातारा दिवसेंदिवस उशिरा जागा होऊ लागला. दुसऱ्या फटक्याला उठणारी काठी चौथ्याला उठायची. मग पाचव्यालाही उठायची नाही. जेवण तो गालात धरून बसायचा. पट्टा आणखी आत ओढावा लागला.

मुकादम एक दिवस सगळ्यांदेखत म्हणाला, "बांबू, तुझा हात हलका पडायला लागलाय. बाप आहे म्हणून आवरतोस. उद्या डाव निघाला नाही तर हातगाडी परत आण आणि सामान भर."

"निघेल," बांबू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रांग लागली. म्हाताऱ्याला मध्ये उभं केलं, सुनेनं पट्टा दोन्ही हातांत घेतला. बांबूनं मारलं. काठी उठली नाही. पुन्हा मारलं. म्हाताऱ्याचे गुडघे वाकले, सुनेनं वर ओढलं. तिसरा वार मांडीवर बसला. रांगेतला एक जण खाकरला. मुकादम लिंबू सोलत होता, तो थांबला आणि त्यानं फाटकाकडे नजर टाकली.

 बांबूनं काठी पुन्हा उगारली, भीतीनं खांदे कानापर्यंत चढलेले, हात अंगापासून लांब गेलेला, एखाद्या नवशिक्याचा असतो तसा.

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. पडल्या दिवसापासून पहिल्यांदाच तो नीट, समजून बघत होता. आधी काठीकडे, मग ती धरलेल्या हाताकडे. त्याच्या कपाळावर आठी पडली. तोंडाची उजवी बाजू हलली, आत जीभ धडपडली.

"को..." तो म्हणाला. सगळी रांग पुढं झुकली. "कोपर. आत घे."

शब्द स्पष्ट होते. सुनेनं ऐकले. मुकादमानंही ऐकले, त्याच्या हातून लिंबू पडलं.

"हो बाबा," बांबू म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसंच, ताबडतोब. खांदे उतरले. कोपर बरगडीला चिकटलं. पाय आपोआप जागेवर गेले. आणि त्यानं मारलं.

वार इतका सुबक बसला की रांगेतून कुणीतरी नकळत "वा!" म्हणून गेलं. सुनेच्या मुठीतला पट्टा एकाएकी जड झाला. ती त्याच्याबरोबर खाली ओढली गेली, गुडघ्यांवर, मग कोपरांवर.

बांबू वाराच्या शेवटच्या पवित्र्यात तसाच उभा होता, काठी जिथं थांबायला हवी तिथंच थांबवून. त्यानं मान जराशी वळवून खाली पाहिलं.

"असं ना, बाबा?" त्यानं विचारलं.